देवी, दारू आणि दहा किलोमीटर

"दारू सोडायची ना? मग मनाचा निश्चय पाहिजे!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. बोईसरला एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर टपरीवर तर हमखास ऐकू येतं, आणि बोलणाराच संध्याकाळी बारमध्ये दिसतो :) पण आमच्या या भागाचा इतिहास वाचला की वाटतं, निश्चय ही एकट्याने करायची गोष्टच नाहीये.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ. १९२२ साल. पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, मांगेला कोळ्यांच्या गावांत देवीची साथ आली होती. (मराठीत रोगाचं आणि तो देणारीचं नाव एकच, बघा!) देवीला शांत करायला लोक जमले, काहींच्या अंगात आलं आणि त्यांच्या तोंडून देवी बोलू लागली. ही लाट किनाऱ्यावरून आदिवासी पाड्यांत शिरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोचली. तोपर्यंत साथ बाजूला पडून आज्ञाच मोठ्या झाल्या होत्या: दारू-ताडी पिऊ नका, मांस-मच्छी खाऊ नका, रोज आंघोळ करा, दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. गावंच्या गावं दारू सोडून मोकळी झाली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर १९८७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय.

आता प्रश्न, दारूच का? त्याचं उत्तर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यात आहे. आधी मोहाची दारू घरीच गाळली जायची. कायद्याने ते बंद झालं आणि मक्ता ठेकेदाराकडे गेला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. म्हणजे दारात मोहाचं झाड, पण दारू मात्र दुकानातून विकत, तीही उधारीवर! उधारी वाढली की जमीन जायची. त्यामुळे दारू सोडणं म्हणजे सावकाराच्या वहीतून नाव काढणं होतं.

शिवाय सगळं गाव एकाच वेळी सोडतंय म्हटल्यावर "एक घे रे, काही होत नाही" म्हणणारा मित्रच उरत नाही. आपण एकटे प्यायला शिकत नाही, मग सोडायला तरी एकटे कशाला?

पण गोष्ट इथे संपत नाही. वर्षभरात बरेच लोक पुन्हा प्यायला लागले. दक्षिण गुजरातेत तर दोन गटच पडले: दारू वर्ज्य ठेवणारे 'वर्जेला' आणि परत वळलेले 'सरजेला'. देवी एकदा येऊन गेली, पण रोजच्या संध्याकाळचं काय करायचं?

याचं उत्तर पुढे दुसरीकडे सापडलं. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून सावरले आणि 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू झालं. 'फक्त आजचा दिवस' हे त्यांचं सूत्र. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' उभं केलं, आणि तिथेही उपचारांइतकाच भर एकमेकांच्या सोबतीवर आणि घरच्यांना सामील करून घेण्यावर राहिला.

याच मुक्तांगणमधून राहुल जाधव बाहेर पडला. एकेकाळी मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्ये असलेला, व्यसनात पार बुडालेला माणूस. तो सावरला, धावायला लागला, तिथेच इतर व्यसनींना मदत करू लागला आणि २०१९ मध्ये मुंबईहून थेट दिल्लीपर्यंत धावत गेला!

धावण्यात असं काय आहे? एक तर पहाटे पाचला उठायचं म्हणजे रात्रीचा कार्यक्रम आपोआप रद्द. झोप सुधारते, मूड सुधारतो. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मी रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर धावतो. ग्रुपमध्ये एखादा आला नाही की लगेच विचारणा होते, "काय रे, कुठे आहेस?" दारुड्याला हा प्रश्न प्रेमाने विचारणारं फार कमी जण उरलेलं असतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, बूट नंतर.

बोईसर-तारापूरला दूरदूरहून आलेली कितीतरी पोरं खोल्या भाड्याने घेऊन राहतात. घर लांब, शिफ्ट विचित्र, संध्याकाळ रिकामी. त्यांच्यासाठी नवीन देवी यायची वाट बघायला नको. तुमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये अशा एकाला ओढा. रेसनंतरची बिअर पार्टी त्याच्यासाठी चहा-मिसळीवर आणा. तो दोन रविवार दिसला नाही तर फोन करा. आणि पुन्हा प्यायला असेल तर 'सरजेला' म्हणून शिक्का मारू नका, पुढच्या रविवारची वेळ सांगा.

असो, बरंच लांबलं. भेटू पुढच्या वीकेंडला!