गांववाटांचा हक्क आणि इंदापूरची मोजणी

राज्य बुडालें म्हणजे त्याचा इतिहास लिहिला जातो, किल्ला पडला म्हणजे त्याचें वर्णन बखरींत येतें. परंतु एखादी गाडीवाट बुडाली तर तिची दाद घेण्यास कोणी बखरकार पुढें येत नाहीं. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील पाणंदी, शिवरस्ते आणि पायवाटा गेल्या कांहीं पिढ्यांत अशाच निमूटपणें अरुंद होत गेल्या व कित्येक ठिकाणीं अजीबात नाहींशा झाल्या. हा दोन बांधकऱ्यांचा आपसांतील तंटा आहे, त्यांत इतरांनीं कां पडावें, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं. आणि ती कां बरोबर नाहीं हें समजण्यास दूर जावयास नको, या प्रांताचा महसुली इतिहासच त्यास पुरेसा आहे.

मुंबई इलाख्यांतील जमीनमोजणीची जी पद्धत पुढें सर्व महाराष्ट्रभर चालू झाली, तिचा जन्म इंदापुरांत झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. पेशवाई गेल्यावर १८२७ पासून प्रिंगल साहेबानें पुणें जिल्ह्यांत मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. हिशेब कागदावर सुबक होता. पण अवर्षणाच्या या मुलखांतील रयतेस तो पेलला नाहीं. लोक गांवें सोडून परागंदा झाले व जमिनी ओस पडल्या. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्याची नवी मोजणी हातीं घेतली. त्यांनीं हलका सारा बसविला, तो ३० वर्षें वाढणार नाहीं अशी हमी दिली, आणि मोजलेल्या प्रत्येक शेतास नंबर देऊन त्याच्या हद्दीवर दगड रोविले. या अनुभवाच्या पायावरच १८४७ चा सुप्रसिद्ध संयुक्त अहवाल रचला गेला.

या मोजणींतून जे गांवनकाशे तयार झाले त्यांत केवळ शेतें नव्हतीं, वाटाही होत्या. एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणारा रस्ता दुहेरी रेघेनें व पायवाट एकेरी तुटक रेघेनें दाखविण्याचा प्रघात पडला. मोजणीची सांखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. गाडीवाट सामान्यतः अर्ध्या सांखळीची, म्हणजे साडेसोळा फूट किंवा थोडी अधिक. पायवाट पाव सांखळीची, म्हणजे सव्वाआठ फूट. मुख्य रस्त्याची जमीन कोणत्याच नंबरांत धरीत नसत. नंबरांतून वाट गेली असेल तर तेवढें क्षेत्र पोटखराब म्हणून वेगळें काढीत व त्यावर आकार बसवीत नसत. या एका गोष्टींत सर्व वादाचें मर्म आहे. ज्या जमिनीचा सारा शेतकऱ्याच्या आजानें दिला नाहीं, बापानें दिला नाहीं, आणि त्यानें स्वतःही दिला नाहीं, ती जमीन नांगरून तो 'माझ्या मालकीची' म्हणतो, तेव्हां तो शेजाऱ्याचा नव्हे तर सबंध गांवाचा ठेवा आपल्या पदरांत घालीत असतो. १८७९ च्या जमीनमहसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें सार्वजनिक रस्ते सरकारच्या मालकीचे ठरविले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमानें तेंच तत्त्व पुढें चालविलें.

मग ज्या वाटा शंभर वर्षें टिकल्या त्या पुढें कां मोडूं लागल्या? याचें उत्तर पाण्यांत आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेस मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण झालें, आणि १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचें पाणी बारामती व इंदापूर तालुक्यांत खेळूं लागलें. जेथें बाजरी व ज्वारी कशीबशी पिकत असे तेथें ऊंस उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकांत वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव व भवानीनगर येथें सहकारी कारखाने झाले. जिरायत काळांत वाटेचा पट्टा नांगरून पदरांत पडणार काय, तर पायलीभर दाणे. त्यासाठीं गांवाशीं वैर करण्यास कोणी तयार नव्हता. कालव्यानंतर तोच पट्टा बागाईत झाला.

परंतु ज्या पाण्यानें वाटेच्या मातीचें मोल वाढविलें त्याच पाण्यानें वाटेची गरजही वाढविली, हें लोभाच्या भरांत लक्षांत राहिलें नाहीं. ज्वारीचें पोतें डोक्यावरून बांधानें नेतां येतें. एक एकर ऊंस तसा नेतां येत नाहीं. त्यास गाडी पाहिजे, ट्रॅक्टर पाहिजे. आणि तोडलेला ऊंस वेळेवर गाळला गेला नाहीं तर त्यांतील साखर घटते व वजन उतरतें. म्हणजे बागाईत शेतास पाण्याखालोखाल कशाची आवश्यकता असेल तर ती वाटेची.

आतां या लोभाचा हिशेबही पाहूं. साडेसोळा फुटी वाट एक मैल गेली तर तिच्याखालीं ८० गुंठे, म्हणजे दोन एकर जमीन जाते. ३३० फूट लांबीचें शेत वाटेस लागून असेल तर त्या लांबींत वाटेची जमीन ५ गुंठे भरते, व दोहों बाजूंच्या शेतकऱ्यांत ती वांटली तर प्रत्येकाच्या वांट्यास अडीच गुंठे येतात. अडीच गुंठ्यांच्या उंसासाठीं मागील वीसपंचवीस शेतांचा माल अडतो, पावसाळ्यांत वस्तीवरील मुलांची शाळा बुडते, आणि रोग्यास बाजेवर घालून चिखलांतून न्यावें लागतें. शिवाय वाट मोडणाऱ्याचें शेतही दुसऱ्या कोणाच्या तरी मागें असतेंच! आज त्यानें जो न्याय शेजाऱ्यास लाविला तोच उद्यां त्याला लागूं होतो.

वाट एका दिवसांत मोडत नाहीं हें तिच्या नाशाचें दुसरें कारण. पहिल्या वर्षीं बांधालगत नांगराचें एक तास अधिक घातलें जातें. पुढच्या वर्षीं बांधच सरकतो. मग बाभळीच्या फांट्या पडतात, चारी खणली जाते, आणि शेवटीं तारेचें कुंपण उभें राहतें. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमान्वयें अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. तासातासानें होणाऱ्या चोरीस सहा महिने कोणत्या दिवसापासून मोजावयाचे? म्हणून गांवानें पहिल्या तासासच हरकत घेतली पाहिजे. कुंपण पडेपर्यंत थांबतां कामा नये. ज्या शेतास नकाशांत वाटच नाहीं, त्यास संहितेच्या १४३ व्या कलमानें बांधावरून रस्ता मागतां येतो. वांटण्या होऊन एका नंबराचे जे अनेक तुकडे झाले, त्यांस हाच आधार आहे. मोडलेली नकाशांतील वाट व बांधावरील नवी वाट या दोन निराळ्या मागण्या आहेत. त्यांची गल्लत केली म्हणजे खरा हक्कही दुबळा होतो.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे. नकाशे जुने आहेत, कित्येक वाटांवर आतां कोणी चालत नाहीं, आणि दोन एकरांच्या धन्यास चार गुंठेही थोडे नसतात, असें ते म्हणतात. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. एखादी वाट खरोखर निरुपयोगी झाली असेल तर ती बदलावी. पण ती गांवसभेंत सर्वांसमक्ष, आणि नवी वाट आधीं वाहती करून मगच. 'कोणी चालत नाहीं' हा पुरावा तर फारच जपून घ्यावा. कारण आधीं काटे टाकावयाचे आणि मग कोणी जात नाहीं म्हणावयाचें, ही युक्ति नवी नव्हे.

वाट गेली आणि तिच्या जागीं दुसरी मिळाली नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण इंदापूर तालुक्याच्या उत्तर हद्दीवरच आहे. १९८० सालीं उजनी धरण पुरें झालें व भीमाकांठचीं गांवें आपल्या वाटांसह पाण्याखालीं गेलीं. इंदापूर व करमाळा या तालुक्यांतील समोरासमोरचीं गांवें एकमेकांस दिसत राहिलीं, पण जाणें-येणें होडीवर आलें. २१ मे १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २१ मे २०२४ रोजीं, कुगांवाहून कळाशीस येणारी होडी वादळांत उलटून ६ माणसें बुडालीं. धरण हें लोकोपयोगी काम होतें यांत शंका नाहीं. परंतु बुडालेल्या वाटेच्या मोबदल्यांत दुसरी वाट देणें हा त्याच कामाचा भाग असावयास पाहिजे होता.

सरकारास याची अगदींच जाणीव नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजनेखालीं पाणंद रस्ते बांधण्याचें ठरलें. २०२५ च्या मे महिन्यांत शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत व्हावी, असा निर्णय झाला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र ४ मीटर म्हणजे सुमारें १३ फूट, आणि जुनी गाडीवाट साडेसोळा फुटांची. नकाशांत जेथें अधिक रुंदी आहे तेथें नकाशाच प्रमाण मानावा. किमान म्हणून दिलेला आंकडा कमाल होऊन बसूं नये. इंग्लंडांत १९४९ च्या कायद्यानें पायवाटांची पाहणी करून त्यांचे निर्णायक नकाशे करण्याचें काम कौंटी कौन्सिलांवर सोंपविलें, आणि त्या नकाशांत आलेली वाट हा लोकांच्या हक्काचा पक्का पुरावा ठरला. आमच्या इंदापुराची मोजणी त्याहून शंभर वर्षांवर जुनी आहे. उणीव नकाशाची नाहीं. तो उघडून पाहणाऱ्यांची आहे.

आषाढींत श्रीतुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, इंदापूर, सराटी या मार्गानें पंढरीस जाते. त्या दिवशीं रस्ता कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. उलट वारकऱ्यांच्या पायांखालीं आपलें अंगण यावें म्हणून लोक धडपडतात. तो मोठा रस्ता आतां रुंद होत आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्या रस्त्यापर्यंत वस्तीवरील म्हातारी ज्या पाणंदीनें दर्शनास येते, ती पाणंदही तितकीच सर्वांची आहे. प्रत्येक गांवानें आपला नकाशा चावडीवर लावावा, मृगापूर्वीं एकदां शिवार फिरून त्यांतील वाटा पायांनीं मोजाव्या, आणि जेथें तास पुढें सरकलें असेल तेथें धन्यास गोडीनें, न ऐकेल तर कायद्यानें, मागें सारावें. एवढें झालें तर गोल्डस्मिड-विंगेटांच्या सांखळीनें राखलेली वाट पुढील पिढीच्या पायांखालीं शाबूत राहील.