ढोलकी वेगळी, तुणतुणे वेगळे
जुन्नर-आंबेगावचे गाणे-वाजवणे मुद्रित करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

चैत्राच्या तोंडावर नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते, तारीख लिहून घेतली जाते. पुढे वैशाखापर्यंत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या यात्रांमध्ये दिवसा घाटात बैलगाडे आणि रात्री तमाशा असा क्रम चालतो. या रात्रींचे मोबाइलवर टिपलेले तुकडे हवे तेवढे मिळतात. ते लक्ष देऊन ऐकले, तर त्यात मुख्यतः लाऊडस्पीकर ऐकू येतो. गाणारणीचा आवाज फाटलेला असतो, ढोलकीचा धूम नुसता घुमतो आणि मागे उभा राहून रात्रभर तुणतुणे छेडणारा माणूस तर त्या मुद्रणात नसतोच.

ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे, असे म्हटले तरी चालेल. तिचा विषय आहे हातात मावणारा डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर. एकाच वेळी चार, सहा किंवा आठ माइकचे आवाज घेऊन प्रत्येकाची वेगळी फाइल करणारे हे यंत्र आज महाविद्यालयातल्या मुलांनी चौघांत वर्गणी काढून घ्यावे इतपत आवाक्यात आले आहे. यंत्राचे बटण दाबणे एका संध्याकाळीत जमते. कुठला माइक कुणासमोर ठेवायचा हे ठरवायला मात्र ते संगीत कळावे लागते, आणि मुद्रणाचे खरे शिक्षण तिथे सुरू होते.

या यंत्राचा जन्म गिटारवाल्यांच्या गरजेतून झाला. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल एकट्याने अनेक गिटारी एकावर एक चढवून गाणी करत असे. त्याच्यासाठी अँपेक्स कंपनीने 1957 साली आठ ट्रॅकचे टेप रेकॉर्डर बनवून दिले. ते माणसाच्या उंचीचे धूड होते. 1979 मध्ये टीअ‍ॅक कंपनीने पोर्टास्टुडिओ आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे हे यंत्र टेबलावर मावत असे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी बसून त्यावरच मुद्रित केला. 2006 मध्ये झूम कंपनीचा एच4 आला आणि चार ट्रॅक एका हातात मावू लागले. 2013 मध्ये त्याच कंपनीच्या एच6 ने ते सहा केले. गिटारवाल्याला हे यंत्र हवे असते ते आज गिटार, उद्या गळा आणि परवा दुसरी गिटार असे थर चढवण्यासाठी. आपल्याला हवे आहे ते नेमके उलट कारणासाठी. आपल्याकडे सगळे एकाच वेळी, एकमेकांकडे बघत वाजवतात आणि तसेच वाजवू द्यायचे असते. आवाज एकत्रच निर्माण व्हावा आणि तरी वेगळा ऐकता यावा, एवढीच आपली मागणी आहे.

लेस पॉलला ते यंत्र मिळाले त्याच 1957 साली तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. तो पुन्हा 1990 मध्ये झाला. 2002 मध्ये त्या गेल्या. राज्य शासन 2006 पासून त्यांच्या नावाने तमाशातील ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या गळ्याविषयी, अदाकारीविषयी आणि हालअपेष्टांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्यामागे झील धरणारे कोण होते, झांज कुणाची होती, ढोलकीवर कोण होते, हे मात्र वाचकाला सहजी सांगता येत नाही. तमाशाचे गाणे एकट्या गळ्याचे कधीच नसते. सुरत्या सूर धरतो, झीलकरी ओळीचा शेवट उचलून वरच्या पट्टीत नेतात, तुणतुणे अखंड आधार देत राहते, हलगी आणि ढोलकी एकमेकींना आव्हान देतात. मुख्य गळा एकदम खाली बसून पुन्हा वर उसळतो ते ही माणसे मागे उभी आहेत म्हणून. एका माइकच्या मुद्रणात हा व्यवहार दिसत नाही.

मुद्रणाच्या तंत्राने गाण्याला आपल्या मापात बसवले, हा इतिहासही नवख्याने ध्यानात ठेवावा. 1902 मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला आणि भारतातल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. समोर कर्णा असे. गाणाऱ्याने त्याच्या तोंडाशी यायचे आणि साथीदारांनी मागे सरायचे. लावणीसारखा विस्ताराने रंगणारा प्रकार त्या तीन मिनिटांत कसा मावणार? आज कार्डावर अख्खी रात्र मावते. म्हणून गणापासून वगाच्या शेवटापर्यंत मुद्रण न थांबवता घ्यावे, असा माझा आग्रह आहे. गण आणि गवळण घेऊन ‘बतावणीत काय आहे’ म्हणत यंत्र बंद करणारे बरेच असतात. बतावणीत बोलण्याला तालाचे जे टेकू मिळतात, ते अभ्यासकाला एरवी कुठे मिळणार नाहीत.

या कामाला महाराष्ट्रात मोठी पूर्वपीठिका आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या मुद्रणाची बाजू सांभाळली, आणि तो ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतो. गिरण्यांनी जाती बंद पाडली, तरी बायकांच्या ओठांवर ओव्या होत्या. त्या राहिल्या याचे श्रेय या कामाला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे संगीतसंशोधन केंद्र 1982 मध्ये स्थापन झाले तेही सुरुवातीला पुण्यातच. डॉ. अशोक रानडे यांनी लोकसंगीताकडे शास्त्र म्हणून बघायला मराठी वाचकाला शिकवले. ज्याला या क्षेत्रात यायचे आहे, त्याने रेकॉर्डर विकत घेण्याच्या आधी रानडे वाचावेत.

आता यंत्राकडे. पहिला सराव फडावर करू नये. घरात गिटार असेल तर तिच्यावर करावा. मंचरला, जुन्नरला, नारायणगावला गिटार शिकणारी मुले आता पुष्कळ आहेत. गिटारीच्या मधल्या भोकासमोर माइक धरला तर आवाज ढबढबीत येतो. तोच माइक पट्टी जिथे लाकडी पोटाला मिळते त्या जागेसमोर, वीतभर अंतरावर आणला की तारा स्वच्छ ऐकू येतात. हा फरक हेडफोन लावून स्वतःच्या कानांनी अनुभवला की तुणतुण्याचा माइक कुठे ठेवावा हे कुणी सांगावे लागत नाही. तुणतुण्याची तार एकच, पण तिचा आवाज खालच्या चामड्यातून येतो.

दुसरा सराव भजनात करावा. ओतूर हे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचे गाव आणि सप्ताहांची परंपरा या भागात घट्ट आहे. भजनी मंडळात पेटी, पखवाज, वीणा आणि टाळ असतात. जागा ठरलेल्या असतात, कुणी नाचत फिरत नाही आणि आपली चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तेच अभंग पुन्हा होणार असतात. टाळांना मात्र जपावे. टाळकरी माइकपासून दूर बसलेले असले तरी सगळ्या ट्रॅकवर टाळ उतरतो.

लेव्हलविषयी एकच नियम पाठ करावा. आवाज सगळ्यात मोठा होईल तेव्हा काटा शून्याच्या 12 डेसिबल खाली राहिला पाहिजे. डिजिटल मुद्रणात शून्याच्या वर काही नसते. तिथे आदळलेला आवाज कायमचा फाटतो. ढोलकीवाला तालमीत जेवढा वाजवतो त्याच्या दुप्पट जोराने तो सलामीला वाजवतो, तेव्हा गेन आधीच उतरवून ठेवावा. 24 बिटवर मुद्रण केले तर आवाज थोडा खाली राहिल्याने काही बिघडत नाही. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटला एका ट्रॅकला मिनिटाला साधारण 8.6 एमबी लागतात. सहा ट्रॅकचे तासाला 3 जीबीच्या थोडे वर होतात. सहा तासांचा तमाशा 32 जीबीच्या एका कार्डावर बसतो, तरीही दुसरे कार्ड खिशात असावे.

ढोलकीला शाईचा पुडा आणि धुमाचा पुडा असे दोन तोंडांचे दोन स्वभाव. माइक दोन असतील तर दोन्हींना एकेक द्यावा. एकच असेल तर तो वरून, दोन्हींच्या मध्ये, हातभर उंचीवर धरावा. केवळ शाईसमोर ठेवला तर बोल टणटणीत येतात आणि घुमारा हरवतो. फडावर सहा ट्रॅक मिळत असतील तर मी यंत्राचे स्वतःचे दोन माइक पूर्ण रंगमंचासाठी ठेवीन, एक ढोलकीला, एक झीलकऱ्यांना आणि तुणतुण्याला मिळून, एक पेटीला देईन, आणि मुख्य गळा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तार ओढून घेईन. मिक्सरमधून येणारा आवाज माइकपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार असतो. तो यंत्राच्या लाइन इनपुटलाच द्यावा. जनरेटर जवळ असला तर 50 हर्ट्झची गुणगुण तारेतून शिरते. विजेच्या वायरीपासून माइकची वायर दूर न्यावी, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी, आणि साउंडवाल्याशी दुपारीच ओळख करून घ्यावी. रात्री नऊनंतर तो कुणाचा नसतो.

दोन माइकांच्या अंतरातला एक पेच इथे समजून घ्यायला हवा, आणि तो समजावणारे उदाहरण आपल्या शिवारातच उभे आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत. आकाशातला एकच संदेश प्रत्येक तबकडीवर किंचित वेगळ्या क्षणी पोचतो. तो फरक मोजून, जुळवून घेतल्यावरच सगळ्या मिळून एक चित्र देतात. आपल्या रंगमंचावरही तसेच होते. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, म्हणजे ढोलकीपासून 3 मीटरवरच्या पेटीच्या माइकमध्ये ढोलकी जवळजवळ 9 मिलिसेकंद उशिरा पोचते. दोन्ही ट्रॅक तसेच एकत्र केले की ढोलकी पोकळ वाटू लागते. म्हणून माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर दुसरा माइक ठेवायचा प्रयत्न करावा. फडावर तेवढी जागा क्वचित मिळते. मग घरी आल्यावर संगणकावर एखादा ट्रॅक सरकवून जुळवावा लागतो. मात्र मूळ फाइलला हात लावू नये. जे करायचे ते प्रतीवर.

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वर भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत जाल तेव्हा यातले बरेच विसरावे लागते. तिथे जनरेटर नाही, मिक्सर नाही आणि चार तारा अंगणात पसरल्या की बायकांचे गाणे थांबते. दोन माइक आणि वाऱ्यासाठी त्यांच्यावर लोकरी टोपी, एवढे पुरे. पावसाळ्यात तिकडे कौलावरचा पाऊस हाच एक ट्रॅक होतो, आणि तो काढून टाकू नये असे मला वाटते. आवणीचे गाणे पावसातच गायले जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मुद्रण सुरू करताना पहिल्या मिनिटात तारीख, गाव, फडाचे नाव आणि प्रत्येक ट्रॅकवर कोण आहे हे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावे. ‘ट्रॅक चार, झील’ असे नको. माणसाचे पूर्ण नाव, गाव, तो कुणाकडे शिकला, किती हंगाम वाजवतो आहे, हे त्यालाच सांगू द्यावे. कागद हरवतात, फाइलींची नावे बदलतात, आवाजातच मिसळलेली माहिती हरवत नाही. मुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात असावी.

परवानगी फडमालकाची घेतली की झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रताधिकार कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगावर स्वतंत्र हक्क मिळाला, आणि आता तो 50 वर्षे टिकतो. कायद्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत, मग तुणतुणेवाला का नसावा? त्यामुळे प्रत्येकाला विचारावे, त्याला समजेल अशा शब्दांत विचारावे, आणि ‘नको’ म्हणाला तर त्याचा माइक उचलून घ्यावा. मल्टिट्रॅकची एक सोय अशीही आहे की नकार देणाऱ्याच्या वाट्याचा ट्रॅक आपण घेतलाच नाही, हे दाखवता येते. मात्र त्याचा आवाज शेजारच्या माइकमध्ये उतरणारच. तेव्हा तो सांगेल तेवढे मुद्रण बाजूला ठेवावे.

वेगळ्या केलेल्या ट्रॅकवरून काय शिकायचे, हे पुढची प्रकरणे सांगतीलच. एक सूचना इथेच करतो. घरी आल्यावर मुख्य गळ्याचा ट्रॅक बंद करून बाकीचे पाच ऐका. झीलकरी श्वास कुठे घेतात, ढोलकीवाला गाणारणीच्या पावलाची वाट कुठे बघतो, तुणतुणे किती वेळा उतरून पुन्हा लावले गेले, हे त्यात मिळेल. हे ऐकून लिहिलेले चार पानी टिपण छापील ग्रंथांत न मिळणारी माहिती देईल.

येत्या चैत्रात नारायणगावात राहुट्या लागतील तेव्हा रिकाम्या हाताने जा, फडातल्या माणसांशी बोला, ओळखी करा. यंत्र दुसऱ्या खेपेला न्या. आणि मुद्रण झाल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक कलावंताला त्याच्या ट्रॅकची प्रत, त्याच्या मोबाइलवर चालेल अशी करून, स्वतः नेऊन द्या.