ट्युटोरियल, वैज्ञानिक लायब्ररीचे (बुऱ्हाणपूर शिलालेखाच्या उदाहरणासह)

वैज्ञानिक गणितासाठी तयार केलेली संगणकीय लायब्ररी नवख्या माणसाला वापरता यावी म्हणून वेबवर मांडलेला, वाचता वाचता करून पाहण्याचा पाठ. लायब्ररी म्हणजे येथे सूत्रे, कोष्टके आणि तयार आज्ञावली यांचा संच. नमपाय, सायपाय, अ‍ॅस्ट्रोपाय, स्कायफील्ड ही पायथन भाषेतली त्यांपैकी परिचित नावे. लायब्ररीसोबत येणारी संदर्भपुस्तिका प्रत्येक आज्ञेचे नाव, तिला काय द्यावे आणि ती काय परत करते हे सांगते. ट्युटोरियलचे काम त्याहून वेगळे आहे. ते वाचकाकडून एक पुरे काम हाताला धरून करवून घेते. डॅनिएले प्रोसिडा यांनी ‘डायटॅक्सिस’ या मांडणीत ट्युटोरियल, कामापुरती कृती, संदर्भ आणि विवेचन असे चार प्रकार वेगळे केले. लायब्ररी लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे हे चारही एकाच पानात कोंबणे. वाचक पहिल्या आज्ञेलाच अडलेला असतो आणि पान त्याला सात पर्यायी मार्ग दाखवत बसते.

ट्युटोरियलचा दर्जा बहुतेक वेळा उदाहरणाच्या निवडीवर ठरतो. खोटे आकडे घेऊन काढलेला आलेख सुबक दिसतो, पण तो बरोबर आला की चुकला हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. पानावरचे उत्तर आणि पडद्यावरचे उत्तर जुळले एवढाच त्याचा पडताळा, आणि दोन्ही एकाच लायब्ररीतून आलेली. म्हणून ज्याचे उत्तर संगणकाबाहेर, दुसऱ्या कोणी, दुसऱ्या साधनाने लिहून ठेवलेले आहे असे उदाहरण सर्वांत चांगले.

ही पद्धत मराठी माणसाला नवी नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये छापली गेली. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ १८९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ताम्रपट आणि शिलालेखांतील तिथींची इंग्रजी तारीख कशी काढावी हे त्यात कोष्टके आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे यांतून शिकवले आहे. कोष्टक ही लायब्ररी मानली तर दीक्षितांची उदाहरणे हे तिचे ट्युटोरियल, आणि पडताळ्याला मूळ लेखातला वार हजर.

अलीकडच्या काळात आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने हाच धागा वेगळ्या रीतीने धरला. मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात यावे यासाठी केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान शिक्षण मोहिमेतून चालणाऱ्या या प्रकल्पात ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ नावाचा उपक्रम आहे. अभियांत्रिकीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी सायलॅब किंवा पायथनमध्ये पुन्हा सोडवतात आणि पुस्तकातल्या उत्तराशी ताडून पाहतात. त्याच संस्थेत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प सुमारे दहा मिनिटांचे पाठ देतो. पडद्यावरची कृती इंग्रजीतच राहते, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकू येते. एरोस्पेस विभागातील प्रा. प्रभू रामचंद्रन हे ‘मायावी’ या त्रिमितीय चित्रणाच्या पायथन लायब्ररीचे मूळ लेखक. लायब्ररी लिहिणारे आणि ती शिकवणारे एकाच आवारात असण्याचा योग क्वचित येतो.

खगोलगणिताच्या लायब्ररीसाठी संगणकाबाहेरच्या उत्तराचे उत्तम उदाहरण बुऱ्हाणपूरला आहे. तापीकाठचे हे गाव मध्य प्रदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्याच्या शेजारी. फारुकी सुलतानांची ती राजधानी. तेथील जामा मशीद आदिलशहा फारुकी ऊर्फ राजा अली खान याने बांधली. तिच्यात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही आहे. मशिदीत संस्कृत हे नवल खरे, पण गणिती माणसाचे डोळे लकाकतात ते त्यातल्या काळनिर्देशाने. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष. दशमी २३ घटी, मग एकादशी. वार सोम. कृत्तिका ३३ घटी, मग रोहिणी. वणिज करण. वेळ रात्रीच्या ११ घटी गेल्यावर, लग्न कन्या. अक्षर कोरणाऱ्याने जणू चाचणीची अपेक्षित उत्तरेच दगडावर लिहून ठेवली आहेत. संवत्सराचा पडताळा तर हातावरच होतो. शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी २३ उरते, आणि साठ संवत्सरांत तेविसावा विरोधीच.

या लेखाची तारीख सोमवार, ५ जानेवारी १५९० अशी येते. ट्युटोरियलचा पहिला धडा इथेच, कारण ही तारीख पायथनला जशीच्या तशी दिली की तो शुक्रवार सांगतो. चूक कोणाचीच नाही. ऑक्टोबर १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांगातून दहा दिवस वगळले, इंग्लंडने ते १७५२ पर्यंत मानले नाही, आणि भारताच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत तोवरच्या तारखा जुन्या, ज्युलियन पद्धतीने देण्याची रूढी पडली. पायथनची तारीख-गणना मात्र ग्रेगरीय नियम १५८२ च्याही मागे ताणते. त्यामुळे त्याला १५ जानेवारी १५९० द्यावी लागते. तेव्हा सोमवार येतो. स्कायफील्डमध्ये ज्युलियन तारखा कोठपर्यंत चालवायच्या हे ठरवण्याची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू होत नाही. चांगला पाठ वाचकाला आधी शुक्रवारच काढू देतो आणि मग त्याचे कारण उलगडतो. आयते बरोबर उत्तर हातात दिले तर हा दहा दिवसांचा खड्डा पुढे त्याच्या स्वतःच्या कामात लागतो, आणि तिथे सावध करायला सोमवार कोरलेला दगड नसतो.

दुसरी अडचण ग्रहस्थितीच्या फाइलची. स्कायफील्डच्या बहुतेक नमुन्यांत अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची डीई४२१ ही फाइल वापरतात. ती लहान आणि सोयीची, पण १९०० ते २०५० च्या आसपासचाच काळ सांभाळते. १५९० मागितले की ती सरळ नकार देते. डीई४४० ही फाइल १५५० ते २६५० एवढा काळ व्यापते, पण तिचा आकार शंभर एमबीहून जास्त. पाठ वेबवर चालवायचा असेल तर खेड्यातल्या मोबाइल जोडणीवर हे ओझे कोणी उतरवून घेणार नाही. उपाय सोपा आहे. जेपीएलएफेम या छोट्या लायब्ररीने मोठ्या फाइलीतून हवी तेवढी वर्षे कापून घेता येतात. १५८५ ते १५९५ एवढा तुकडा पुरतो आणि तो मूळ फाइलीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरतो.

यापुढचे गणित सुखाचे आहे. बुऱ्हाणपूर २१.३ उत्तर अक्षांश आणि ७६.२ पूर्व रेखांशावर, म्हणजे तेथील स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २५ मिनिटे मागे. सूर्योदय काढायचा. चंद्र सूर्याच्या किती अंश पुढे आहे ते पाहायचे. दर १२ अंशांना एक तिथी, म्हणून दशमी १२० अंशांवर संपते. पृथ्वीची गती मंदावत आल्याने पडणारा घड्याळाचा फरक त्या काळासाठी दोनेक मिनिटांचा. एक घटी २४ मिनिटांची असल्याने तो येथे पोटात घालता येतो. पाठात मात्र त्याचा उल्लेख हवा.

नक्षत्रापाशी खरा सापळा आहे. स्कायफील्डकडे भोगांश, म्हणजे क्रांतिवृत्तावरचे अंतर, मागितले की वेगळे सांगितल्याशिवाय ते इसवी सन २००० च्या संपातबिंदूपासून देते. १५९० आणि २००० यांत संपात पावणेसहा अंशांनी सरकला आहे. त्या भोगांशातून १५९० चा अयनांश, म्हणजे संपातबिंदूपासून नक्षत्रचक्राच्या आरंभापर्यंतचे अंतर, वजा केला तर कृत्तिका सूर्योदयानंतर दोन तासांतच संपते आणि दगडावरच्या ३३ घटींशी काही मेळ बसत नाही. त्या दिवशीच्या संपातापासून भोगांश घेऊन लाहिरी अयनांश (तेव्हा सुमारे १८ अंश) वजा केला की कृत्तिका सूर्योदयानंतर ३०–३१ घटींनी संपते. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, काढण्याची तयार आज्ञा स्कायफील्डमध्ये नाही. नाक्षत्र वेळ घेऊन गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र वाचकाला स्वतः लिहावे लागते आणि रात्री दहाच्या सुमारास, ११ घटी उलटल्यावर, कन्या राशीचे सातेक अंश पूर्वेला लागलेले दिसतात. लेखात तेच आहे.

एका गोष्टीत मात्र फरक ठळक आहे. आधुनिक गणिताने दशमी सूर्योदयानंतर १६–१७ घटींनीच संपते, म्हणजे लेखातल्या २३ घटींपेक्षा सुमारे अडीच तास आधी. हा फरक लपवण्याचा मोह पाठ लिहिणाऱ्याला होतो. प्रत्यक्षात पाठाचा सर्वांत मोलाचा भाग तोच. जुन्या सिद्धान्तग्रंथांत चंद्राला एकच मंदफल-संस्कार (सरासरी स्थानावरून खरे स्थान काढण्याची दुरुस्ती) देतात आणि तो जास्तीत जास्त पाच अंशांच्या आसपास असतो. पौर्णिमा-अमावास्येला तेवढ्याने भागते, कारण ग्रहणे जुळवण्यासाठीच तो बसवलेला. मधल्या तिथींना सूर्याच्या ओढीमुळे चंद्र याहून पुढे-मागे होतो. त्या दिवशी चंद्राचा एकूण संस्कार साडेसहा अंशांचा होता. जुन्या पंचांगात त्यातला दीड अंश सुटला, आणि तेवढे अंतर तोडायला चंद्राला तीनेक तास लागतात. लेखाचा जोशी चुकला नव्हता, तो त्याच्या ग्रंथाप्रमाणे बरोबर होता. वाचक येथे लायब्ररीबरोबर चंद्राबद्दलही काही शिकतो. करण (अर्ध्या तिथीचे नाव) वणिज का, हे मात्र अभ्यासाला सोडावे, कारण एकादशीच्या पूर्वार्धाचे करण कोणत्याही पंचांगात सापडते.

वेबवर हा पाठ मांडण्याच्या वाटा दोन. पहिलीत ज्युपिटर नोटबुक किंवा साधी मजकूर-फाइल घेऊन स्फिंक्ससारख्या साधनाने पान तयार करतात. आज्ञा पान बांधताना चालतात आणि उत्तरे छापली जातात. दुसरीत आज्ञा वाचकाच्याच ब्राउझरमध्ये चालतात. मोझिलात सुरू झालेल्या पायोडाइडमुळे पायथन आणि नमपाय ब्राउझरमध्ये चालू लागले आणि ज्युपिटरलाइटने त्यावर नोटबुक बसवले. वाचकाला काही बसवून घ्यावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. शाळेतल्या जुन्या संगणकावर मात्र पहिले पान उघडायला वेळ लागतो. म्हणून पानावर छापलेली उत्तरे आधी दिसावीत आणि चालवण्याची कळ नंतर यावी, ही मांडणी बरी.

लायब्ररीची नवी आवृत्ती आली की पाठ मोडतो. आज्ञेचे नाव बदलले तर पान बांधतानाच बोभाटा होतो. तो बरा. आज्ञा तीच राहून अर्थ बदलला तर पान गुपचूप चुकीचे उत्तर छापते. यासाठी पाठाच्या शेवटी वार, तिथी, नक्षत्र आणि लग्न तपासणाऱ्या चार ओळी ठेवतात. यांतली एकही अपेक्षा लायब्ररीकडून उसनी घेतलेली नाही, त्यामुळे लायब्ररी बदलून अ‍ॅस्ट्रोपाय घेतली तरी त्या तशाच चालतात. लायब्ररीची आवृत्ती पानावर नोंदवणे हा दुसरा उपाय. तो आवश्यक आहे, पुरेसा नाही.

पाठ मराठीत लिहिताना आज्ञा इंग्रजीच राहतात, पण चलांची नावे देवनागरीत देता येतात. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘तिथी’, ‘सूर्योदय’, ‘अयनांश’ अशी नावे चालतात आणि वाचणाऱ्याला सूत्र चटकन उमगते. देवनागरी आकड्यांत लिहिलेला मजकूर, उदाहरणार्थ ‘१५९०’, पायथन संख्येत बदलून घेतो. थेट आज्ञेत संख्या म्हणून मात्र तो आकडा चालत नाही. टंकलेखनाची एक अडचण नोंदवण्यासारखी आहे. ‘बुऱ्हाणपूर’मधला अर्धा र काही कळफलक स्वतंत्र ऱ अक्षराने उमटवतात, तर काही साध्या र पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन पहिले चलाचे नाव म्हणून स्वीकारतो आणि दुसऱ्यावर अदृश्य अक्षराची तक्रार करून थांबतो. म्हणून मराठी पाठात गावाचे नाव चलाला न देता अवतरणचिन्हांत ठेवतात.