मोडीतील लोखंडाची पारख : पारंपरिक हॉट रॉड आणि सुट्या भागांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकन मोटारीचा इतिहास बहुतांशी कारखान्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. हेन्री फोर्ड यांची सरकती जुळणी-पद्धती, कामगारांचे वेतन, उत्पादनाचे आकडे यांवर विपुल लेखन झाले. मात्र तीच मोटार दहा-पंधरा वर्षांनी मोडीत निघाल्यावर तिच्या लोखंडाचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. हॉट रॉड हे या प्रश्नाचे एक उत्तर होय. मोठ्या संख्येने तयार झालेली एखादी जुनी, स्वस्त मोटार घ्यायची, तिचे मडगार्ड, बंपर, टप असे अनावश्यक वजन उतरवायचे, तिला अधिक ताकदीचे इंजिन बसवायचे आणि ती वेगासाठी नव्याने बांधायची, असे या प्रकाराचे स्थूल वर्णन करता येईल. यासाठी लागणारे भाग प्रामुख्याने भंगाराच्या आवारातून येत.

आज 'पारंपरिक हॉट रॉड' ही संज्ञा रूढ झाली आहे. साधारणपणे १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे भाग आणि त्या काळची पद्धत वापरून बांधलेली गाडी, असा तिचा अर्थ केला जातो. या गाड्या १९४० च्या दशकातील गाड्यांसारख्या दिसतात, त्यांत भागही बरेचसे तेच असतात. परंतु ते भाग निवडण्यामागील तर्क मात्र पूर्णपणे उलटला आहे. हा उलटलेला तर्क तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

भंगाराचे आवार : साधनसामग्रीचा उगम

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या मॉडेल टी या मोटारी दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाल्या. त्यापाठोपाठ १९२८ ते १९३१ या वर्षांची मॉडेल ए आली. १९२९ नंतरच्या महामंदीत अशा जुन्या गाड्या अत्यल्प किमतीला मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील कामगारवर्गीय तरुणांच्या आवाक्यात आल्या. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस वाळवंटात म्युरॉक, एल मिराज यांसारखी कोरड्या सरोवरांची सपाट मैदाने होती. गाडी रस्त्याने चालवत तेथे न्यायची, हेडलाइट व काच उतरवून शर्यतीत धावायचे आणि संध्याकाळी ती पुन्हा जोडून घरी परतायचे, असा तेव्हाचा रिवाज होता. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनची स्थापना झाली.

१९३२ साली फोर्डने २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्य किमतीच्या मोटारीत दिले. त्याचे व्हॉल्व्ह माथ्यावर नसून ब्लॉकमध्येच असल्याने त्याला 'फ्लॅटहेड' असे नाव पडले. आठ सिलिंडरांचे इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असे. आता ते काही वर्षांतच अपघातग्रस्त गाड्यांमधून भंगारात येऊ लागले. हॉट रॉडच्या इतिहासाला खरी कलाटणी कारखान्यात हे इंजिन जन्माला आले तेव्हा मिळाली नाही. ते मोडीत पोहोचले तेव्हा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाने या पुरवठ्यावर दुहेरी परिणाम केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि युद्धासाठीच्या भंगार-संकलन मोहिमांत असंख्य जुन्या गाड्या वितळविल्या गेल्या. मात्र युद्ध संपताच लष्करी अतिरिक्त सामानाच्या रूपाने नवे भंगार बाजारात आले. बिल बर्क यांनी १९४६ मध्ये पी-५१ या लढाऊ विमानाच्या इंधनटाकीपासून शर्यतीच्या गाडीचे अंग तयार केले आणि पुढे पी-३८ ची अधिक मोठी टाकी वापरली. हवा कापण्यासाठी अभियंत्यांनी घडविलेला तो आकार भंगाराच्या भावात हाती आला होता. त्याच वर्षी सैन्यातून परतलेल्या ॲलेक्स झायडियास यांनी बरबँक येथे सो-कॅल स्पीड शॉप उघडले.

निवडीचा तर्क : जुन्या गाडीवर नवा भाग

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये हाताशी असलेल्या तुकड्यांतून काम भागविणाऱ्या कारागिराची, 'ब्रिकोलर'ची, संकल्पना मांडली. हॉट रॉड बांधणाऱ्याला ती सहज लावली जाते. परंतु ती अर्धीच लागू पडते. हा कारागीर हाती लागेल ते वापरीत नसे. आवारात उभ्या असलेल्या शेकडो गाड्यांपैकी नेमक्या कोणत्या वर्षाच्या कोणत्या गाडीचा कोणता भाग हवा, हे त्याला जाण्यापूर्वीच ठाऊक असे. त्याचे ज्ञान वर्षवार होते.

ब्रेकचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हेन्री फोर्ड यांचा हायड्रॉलिक ब्रेकला दीर्घकाळ विरोध होता, त्यामुळे फोर्ड गाड्यांत ते १९३९ च्या मॉडेलमध्ये प्रथम आले. त्यापूर्वीचे यांत्रिक ब्रेक वाढलेल्या वेगाला अपुरे पडत. साहजिकच १९३२ च्या गाडीला नंतरचे हायड्रॉलिक ब्रेक बसविणे ही पहिली सुधारणा ठरे. तथापि १९३९ च्या ब्रेकपेक्षा १९४० ते १९४८ चे ब्रेक अधिक पसंत केले जात. याचे कारण चाकाच्या बोल्टांत होते. १९३६ ते १९३९ या वर्षांत फोर्डने चाकाचे पाच बोल्ट खूप रुंद वर्तुळावर बसविले होते. १९४० मध्ये ते पुन्हा साडेपाच इंचांच्या वर्तुळावर आले, आणि १९३२ च्या चाकांचे मापही तेच होते. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने सारी चाके बदलण्याचा खर्च वाचत असे. असे तपशील कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते आवारात, गॅरेजमध्ये आणि सरोवरांच्या काठी तोंडी फिरत.

गिअरबॉक्सच्या बाबतीत उलट १९३९ चाच आग्रह असे. १९४० पासून फोर्ड मोटारींचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर गेला. जमिनीवरचा दांडा हवा असेल तर त्याआधीचाच गिअरबॉक्स घ्यावा लागे. त्यात लिंकन-झेफिर मोटारीचे गिअर बसविले की खालच्या गिअरमध्ये गाडी अधिक वेगापर्यंत ताणता येई. सांगाडा १९३२ चा उत्तम मानला जाई, कारण तो मॉडेल एच्या सांगाड्याहून भक्कम होता आणि मडगार्ड काढल्यावर त्याच्या बाहेरील अंगावरची उठावदार रेषा उघडी पडून शोभून दिसे. त्यावर मॉडेल एचे हलके रोडस्टर अंग चढविणे ही सर्वमान्य जोडी ठरली.

इंजिनाच्या निवडीत मात्र निव्वळ वर्ष माहीत असून भागत नसे. फ्लॅटहेडच्या रचनेत एक मूलभूत दोष होता. जळालेले वायू व्हॉल्व्हपासून बाहेर पडताना ब्लॉकच्या आतून, सिलिंडरांच्या मधल्या पाण्याच्या पोकळ्यांतून जात. शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना एकच सामाईक निर्गममार्ग होता. त्यामुळे इंजिन तापे आणि ब्लॉकला तडे जात. पाण्याच्या छिद्रापासून बोल्टच्या छिद्रापर्यंत गेलेला बारीक तडा पुष्कळदा चालवून घेता येई; व्हॉल्व्हच्या बैठकीतून सिलिंडरात उतरलेला तडा असेल तर तो ब्लॉक टाकून देण्याच्याच लायकीचा समजला जाई. भरीस भर म्हणून पाण्याच्या पोकळ्यांत ओतकामाच्या वेळची वाळू आणि साचलेला गंज असे, तो खरवडून काढल्याखेरीज इंजिन थंड राहत नसे. भंगाराच्या ढिगात उभ्या असलेल्या तेलकट ब्लॉकविषयी असा निर्णय घेणे हे अनुभवाचे काम होते. चुंबकीय चाचणीने तडे दिसू शकत, पण ती चाचणी ब्लॉक खोलून, धुऊन झाल्यावरची. पैसे त्याआधीच मोजलेले असत.

मर्क्युरी ही फोर्डचीच थोडी महाग गाडी. १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरीचा क्रँकशाफ्ट चार इंचांच्या स्ट्रोकचा होता, तर फोर्डचा पावणेचार इंचांचा. हा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसे. सिलिंडरचा बोअर वाढवून तीन पूर्णांक पाच-षोडशांश इंच केला की मूळ २३९ घनइंचांचे इंजिन सुमारे २७६ घनइंचांचे होई. पाव इंचाचा फरक. पण तो हेरण्यासाठी मर्क्युरीची मोडलेली गाडी नेमकी ओळखावी लागे.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आढळते. जुन्या गाडीवर जो भाग चढविला जाई तो परवडेल तितका नवा असे. १९४८ साली १९४० चा ब्रेक हा 'पुरातन' नव्हता. तो आठ वर्षांपूर्वीचा, सुधारलेला भाग होता. जुनेपणाविषयी त्या तरुणांना विशेष ममत्व असल्याचे दिसत नाही. म्हणूनच १९४९ मध्ये कॅडिलॅक व ओल्डस्मोबिल यांची माथ्यावर व्हॉल्व्ह असलेली व्ही-८ इंजिने आली आणि १९५५ मध्ये शेव्हरोलेचे २६५ घनइंचांचे हलके, स्वस्त इंजिन आले, तेव्हा फ्लॅटहेडला निरोप देताना फारशी हळहळ झाली नाही. फोर्डने स्वतःही १९५४ च्या अमेरिकन गाड्यांत ते बंद केले होते.

निवडीची उलटलेली दिशा

जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे 'हॉट रॉड' मासिक निघाले. एच. एफ. मूरहाउस यांनी १९९१ च्या आपल्या अभ्यासात अशा मासिकांनी आणि सुट्या भागांच्या व्यापाराने या छंदाला कसा आकार दिला, हे तपशीलाने दाखविले आहे. एड विनफिल्ड यांचे कॅमशाफ्ट किंवा व्हिक एडेलब्रॉक यांचे मॅनिफोल्ड मोडीतून आलेले नव्हते. ते नवे, विकत घ्यायचे भाग होते. तेव्हा सारे काही भंगारातून उभे राहिले ही समजूत रम्य असली तरी पुरती खरी नाही.

त्यानंतरच्या दशकांत फायबरग्लासची अंगे आली, पुढे ओहायोतील ब्रुकव्हिल येथे मॉडेल ए व १९३२ च्या रोडस्टरची पोलादी अंगेही नव्याने ठोकली जाऊ लागली. सारे काही नवे मिळू शकते अशा परिस्थितीत काहींनी जाणीवपूर्वक जुन्याचा आग्रह धरला. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'निर्मित परंपरे'ची कल्पना येथे उपयोगी पडते. १९४८ चा तरुण विचारी, यापेक्षा नवा भाग मिळेल काय? आजचा पारंपरिक बांधणीदार विचारतो, हा भाग ठरविलेल्या वर्षानंतरचा तर नाही ना? पूर्वी खिशातील पैसा ही मर्यादा होती, आता तारीख ही मर्यादा आहे. १९४८ ची गाडी अशी नियमानुसार बांधणे म्हणजे १९४८ च्या तरुणाने कधीच न पाळलेला नियम पाळणे होय.

यावरून ही आजची निवड खोटी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तारखेची मर्यादा पाळण्यासाठी बांधणीदाराला कोणत्या वर्षी कोणता बोल्ट, कोणते ओतकाम, कोणता दिवा होता याचा जो बारकाईने शोध घ्यावा लागतो, तो वस्तुनिष्ठ इतिहाससंशोधनाच्या जवळचा आहे. खरा पेच निराळाच आहे. न कापलेले, मूळ स्थितीतील १९३२ चे रोडस्टर अंग आज दुर्मीळ आहे. १९४० च्या दशकात ते कापले तेव्हा एक जुनी मोटार कमी झाली. आज ते कापले तर एक साधन नष्ट होते. या बाबतीत नव्याने ठोकलेले पोलादी अंग घेणाऱ्याची निवड, परंपरावाद्यांना ती कितीही कमअस्सल वाटली तरी, इतिहासाच्या दृष्टीने अधिक जबाबदारीची आहे असे म्हणावे लागते.

याची दुसरी बाजू म्हणजे त्या काळीच कापलेल्या गाड्या. अशी गाडी सापडल्यावर तिला फोर्डच्या मूळ रूपात परत न्यावे, की १९४० च्या दशकातील फेरफारांसह ठेवावे? बराच काळ पहिला पर्याय स्वाभाविक मानला गेला. १९९७ मध्ये पेबल बीच येथील प्रतिष्ठित मोटार-प्रदर्शनात हॉट रॉडसाठी प्रथमच वेगळा वर्ग ठेवण्यात आला आणि डोएन स्पेन्सर यांनी घडविलेले १९३२ चे रोडस्टर त्यात पहिले आले. ज्या कापाकापीमुळे गाडीची किंमत घटते असे समजले जाई, तीच आता जपण्याजोगी ठरली.

भंगाराच्या आवारात मात्र आता फ्लॅटहेडचे ढीग उरलेले नाहीत. सिलिंडरात उतरलेल्या तड्यामुळे १९५० मध्ये बाजूला टाकलेला ब्लॉक आज उचलला जातो; तड्याच्या रेषेवर ओळीने छिद्रे पाडून त्यांत आटेदार पिना एकमेकींत गुंतवून बसविल्या जातात, सिलिंडरात नवी स्लीव्ह घातली जाते. या दुरुस्तीची मजुरी त्या काळच्या अख्ख्या गाडीच्या किमतीहून पुष्कळ अधिक असते.