पिन क्रमांक : एका अंतर्गत व्यवस्थेची पुनर्रचना

टपालाची वाहतूक मूलतः वाचनावर चाले. पत्रावरील गाव ओळखून ते योग्य थैलीत टाकणे हे सॉर्टरचे काम. तेही पुष्कळदा रेल्वेच्या धावत्या डब्यात. पत्ते नाना लिप्यांतील, आणि कित्येक ग्रामनामे सारखीच. १९७२ साली औरंगाबाद महाराष्ट्रात होते, तसे बिहारातही होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांक प्रचारात आला. योजनाकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होत, ही गोष्ट भाषाभ्यासकास लक्षणीय वाटावी. ४३१००१ आणि ८२४१०१ यांत नामसादृश्याचा घोटाळा उरत नाही. पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा दर्शवितात, पुढील तीन वाटपाचे कार्यालय. पत्ता आपण घरापासून राज्याकडे लिहितो. पिन मात्र दुरून जवळ येतो, म्हणजे थैलीच्याच वाटेने. सॉर्टरच्या स्मरणावरील भार काही अंशी पत्रलेखकावर पडला, हे मात्र मान्य केले पाहिजे.

२०२५ साली टपाल खात्याने जुनी संगणक-प्रणाली बाजूस सारून म्हैसूर येथील स्वतःच्या केंद्रात घडविलेली प्रणाली देशभर लागू केली. त्याच वर्षी आलेला दहा चिन्हांचा डिजिपिन सुमारे चार मीटर लांबीरुंदीची जागा निश्चित करतो. ४११ पाहताच सॉर्टर ‘पुणे’ म्हणू शकतो; डिजिपिनचा अर्थ सांगावयास यंत्रच लागते.