‘भाकरीसाठी बाटले’ : दुष्काळ, दान आणि आपण

आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांविषयी ‘भाकरीसाठी बाटले’ असे दोन शब्दांत बोलून मोकळे होण्याची रीत जुनी आहे. सवर्ण तर तसे बोलतातच. पण बौद्ध झालेल्या आपल्या माणसांच्या तोंडूनही मी ते ऐकले आहे आणि विद्यार्थिदशेत स्वतःही बोललो आहे. आम्ही विचाराने धर्म बदलला, त्यांनी पोटाने बदलला, असा एक छुपा अहंकार त्यामागे असतो. या अहंकाराची इतिहासाच्या आधारे तपासणी व्हायला हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न असा की, ज्या समाजव्यवस्थेत हे लोक जगत होते तिथे दानाची दिशा कोणती होती? पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात याचे उत्तर स्वतःच्या घरच्या उदाहरणाने दिले आहे. तीर्थयात्रा, पुराणकथन आणि ब्राह्मणांना व देवांना दान यांत त्यांच्या कुटुंबाजवळची पुंजी सरली. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. ब्राह्मणाच्या घरात ही गत, तर गावकुसाबाहेर काय असेल? आपल्या वाट्याला दान आलेच नाही. आले ते बलुते आणि दारोदार हाळी घालून मागितलेली शिळी भाकरी. ती राबणुकीची मजुरी होती, पण दिली जायची भिकेसारखी. आणि दुष्काळात गावाने सर्वांत आधी हात आखडला तो तिथेच. कुणब्याच्या कणगीत दाणा नाही म्हटल्यावर येसकराच्या टोपलीत कुठून पडणार?

दुसरा प्रश्न सरकारचा. १८७६-७८च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील नगर, सोलापूर, पुणे हे जिल्हे होरपळून निघाले. त्याच काळात या देशातले धान्य परदेशी जातच होते. १८७७च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेने दुष्काळी कामावरच्या मजुराचे वेतन दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतके खाली आणले गेले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य! हजारो मजूर कामे सोडून चालते झाले. पुणे सार्वजनिक सभेने या वेतनाविरुद्ध आवाज उठवला, याची नोंद घेतली पाहिजे.

याच वर्षी सत्यशोधकांनी काय केले तेही विसरता कामा नये. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील उपासमारीचे वर्णन आहे. धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले गेले. मूठभर कार्यकर्त्यांनी, वर्गणी गोळा करून, जात न पाहता वाढलेले हे अन्न होते.

या पार्श्वभूमीवर मिशनच्या दानाकडे पाहावे लागते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आले आणि नगरला त्याचे ठाणे १८३१ साली पडले. दुष्काळ येण्याआधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते इथे शाळा चालवीत होते. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळेत फॅरारबाई शिकवीत, आणि तिथेच सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. तेव्हा दुष्काळ पडला आणि मिशन धान्य घेऊन धावले, हे चित्र अर्धे आहे. ज्या दारात आधीच अक्षर मिळाले होते, त्याच दारात लोक भाकरीसाठी गेले. ज्याने आपल्या पोराला पाटीवर बोट धरून शिकवले, त्याच्यावर विश्वास टाकणे ही लाचारी की समज?

आणि हे दान कुठून येत होते? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत अमेरिकेतून मक्याची जहाजे आली. १८९७ साली ‘सिटी ऑफ एव्हरेट’ हे जहाज कलकत्त्याला आले. १९०० साली न्यू यॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राच्या आवाहनातून भरलेले ‘क्विटो’ दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईला निघाले. १८९३च्या आर्थिक कोसळणीतून अमेरिका तेव्हा नुकती कुठे सावरत होती. तिकडच्या शेतकऱ्याच्या मक्याला त्याआधी इतका भाव पडला होता की कॅन्सस-नेब्रास्काकडे लोकांनी तो चुलीत जळण म्हणून घातला. एकीकडे मका जळतो आणि दुसरीकडे माणूस उपाशी मरतो, हा भांडवली बाजाराचा न्याय! तरीही त्या कर्जबाजारी माणसांनी चर्चमधून पोती भरली, हेही तितकेच खरे.

रमाबाईंनी या मदतीचे केडगावला काय केले, ते अभ्यासण्यासारखे आहे. १८९७ साली त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बाया आणल्या. पुढे १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. तिथे नुसते अन्न वाढले नाही. विणकाम, शेती, छपाई शिकवली. अंध मुलींना वाचायला शिकवले. उद्या स्वतःच्या पायांवर उभी राहील अशी बाई घडवणे, हा त्या दानाचा हेतू होता.

मात्र कौतुकात वाहून जाण्याचे कारण नाही. देणाऱ्याच्या वहीत पोत्यांच्या शेजारी बाप्तिस्म्यांचा आकडाही लिहिला जात होता. घेणारा कायम मिशनच्या आश्रयाला राहिला. जात चर्चच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवली गेली नाही. ती आतही आली. १९३८च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. अस्पृश्याला ख्रिस्ती केले की आपले कर्तव्य संपले, असे मिशनऱ्यांना वाटते. त्याच्या राजकीय हक्कांचे काय, हे ते पाहत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. पोट भरले, पण लढण्याची सवय लागली नाही. याची किंमत हा समाज अजून मोजतो आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. त्याच महारवाड्यातला, त्याच दुष्काळात होरपळलेला ख्रिस्ती शेजारी आजही त्याबाहेर आहे. त्याच्यासाठी आपण किती मोर्चे काढले?

हे सगळे मी पुस्तकांतून शिकलो. पण ते अंगाला भिडले २०२० साली. मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. टाळेबंदीत तास बंद झाले, मानधनही थांबले. गल्लीत शिध्याच्या पिशव्या वाटल्या जात; पिशवी घेताना फोटो काढून घ्यावा लागे. मी गेलो नाही. पुढल्या वर्षी ज्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहायचे, त्यांच्या मोबाइलमध्ये माझा हात पसरलेला फोटो नको होता.

एका संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली ख्रिस्ती मावशी पायलीभर ज्वारी घेऊन दारात आली. त्यांच्या मंडळीतल्या बाया दळण काढताना रोज एक मूठ डब्यात बाजूला टाकतात, त्यातली ती होती. मिझोरामच्या मंडळ्यांतील स्त्रियांची मूठभर तांदळाची प्रथा १९१० पासूनची आहे, हे मला ठाऊक होते. आपल्या शेजारचा डबा मात्र ठाऊक नव्हता. मी नको म्हणालो. तशी ती म्हणाली, ‘‘फुकट न्हाई देत, मास्तर. पगार झाला की पायली परत आणून टाक. अजून लई घरं हायती.’’

त्या बाईच्या घरात त्या वेळी कुणाचीही नोकरी शाबूत नव्हती.

१९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमीचा कायदा दिला. १९७७ साली तो संमत झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला, ही दयेपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. हक्काची लढाई दानाने संपू नये, हे बाबासाहेबांचे म्हणणे आजही खरे आहे. पण हक्क दारात येईपर्यंत चूल पेटावी लागते, आणि ती कोण कशा रीतीने पेटवतो यावरून माणूस ताठ राहतो किंवा वाकतो. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांना हा फरक कळत होता, असे आता मला वाटते. भाकरी तर गावही कधीमधी टाकत होते. ती कशी टाकली जाते, हेही त्यांनी पाहिले असणार.

पुढे थकलेले मानधन मिळाले तेव्हा मी दोन पायल्या ज्वारी घेऊन गेलो. मावशीने एक डब्यात ओतली, दुसरी परत माझ्या पिशवीत घातली. ‘‘घेतली तेवढीच,’’ म्हणाली. ‘बाटले’ हा शब्द मी वर्गातही आणि घरातही पुन्हा वापरलेला नाही.