वेळेवर न वितळलेला धातू : प्रेशर कुकर आणि त्याच्या नकली सुट्या भागांची कथा

१/ निकृष्ट भाग लवकर मोडतो, असा सर्वसाधारण समज आहे. मिक्सरचे कप्लर झिजते, कढईचा कान निखळतो आणि घरातील माणसे दुकानदाराला चार शब्द सुनावून नवा भाग आणतात. मात्र भारतीय स्वयंपाकघरात एक भाग असा आहे की, तो निकृष्ट असला तर मोडतच नाही आणि खरा धोका तिथेच असतो. तो भाग म्हणजे प्रेशर कुकरच्या झाकणावरील नाण्याएवढा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याच्या नकलेचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ सतराव्या शतकातील लंडनमध्ये होतो. डेनिस पापिन हा १६४७ साली फ्रान्समधील ब्ल्वा येथे जन्मलेला प्रॉटेस्टंट शास्त्रज्ञ. पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स आणि पुढे लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल अशा दोन थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्याने काम केले. १६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे एक जाड, घट्ट झाकणाचे पात्र मांडले. हाडे मऊ करणारे यंत्र, असे तो त्याला म्हणे. गरिबांच्या ताटात हाडांतील सत्त्व पोहोचावे, हा त्यामागील एक हेतू होता.

३/ १२ एप्रिल १६८२ रोजी याच पात्रांत शिजवलेल्या मांस-मत्स्याची मेजवानी रॉयल सोसायटीच्या सभासदांना मिळाली. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत तिची रसाळ नोंद आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या पदार्थांहून झाकणावरचा एक दांडा अधिक मोलाचा ठरला. एका छिद्रावर झडप, झडपेवर दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. आतील वाफेचा जोर वजनाला भारी झाला की झडप उचलली जाई आणि वाफ निसटे. सुरक्षा झडपेचा हा जन्म. आपल्या कुकरची शिट्टी तिचीच दूरची वंशज आहे.

४/ आतील उष्णता मोजण्याची पापिनची रीतही नमूद करण्याजोगी आहे. झाकणावर तो पाण्याचा थेंब टाकी आणि तो किती वेळात उडून जातो, हे लंबकाच्या हेलकाव्यांवर मोजी. स्वयंपाकाचा वेळ शिट्ट्यांवर मोजणाऱ्या समाजाला ही युक्ती परकी वाटू नये.

५/ पण झडपेत एक उणीव असते. ती अडकू शकते. कोणी ती मुद्दाम बांधून ठेवू शकते, किंवा आतून कचरा येऊन छिद्र बुजू शकते. सप्टेंबर १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनाचे बॉयलर फुटले आणि चार माणसे दगावली. इंजिनाची राखण करणारा पोरगा पायाच्या खड्ड्यात ईल मासे पकडायला गेला होता. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या मजुराने इंजिन बंद केले, वाफेची वाट मात्र मोकळी केली नाही. उच्च दाबाच्या इंजिनांना विरोध करणाऱ्या बोल्टन आणि वॅट यांच्या पक्षाने या अपघाताचा पुरेपूर वापर केला.

६/ ट्रेव्हिथिकने दिलेले उत्तर या कथेचा कणा आहे. झडपांची संख्या वाढवून तो थांबला नाही. बॉयलरच्या भिंतीत त्याने शिशाचे बूच बसवले. बॉयलरमध्ये पाणी असेतोवर ते बूच थंड राही. पाण्याची पातळी घसरली की ते आगीच्या धगीत उघडे पडे, शिसे वितळे आणि वाफेला वाट मिळे. बांधून ठेवता येईल असे तिथे काही नव्हते, आणि विसरता येईल असेही काही नव्हते. माणूस मासे पकडायला गेला तरी धातू आपल्या ठरलेल्या तापमानाला वितळणारच. जाणीवपूर्वक नष्ट होण्यासाठी घडवलेला असा भाग ही अभियांत्रिकीच्या इतिहासातील अत्यंत प्रगल्भ कल्पना मानावी लागेल.

७/ ती स्वयंपाकघरात कशी काम करते, हे आकड्यांनी समजते. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या दाबावर साधारण १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब असतो. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते, म्हणून तूरडाळ झटपट शिजते. आता डाळीचा फेस वर चढून शिट्टीखालची नळी बुजली, असे समजा. जादा दाब दुप्पट झाला की आतील तापमान सुमारे १३४ अंशांवर जाते, तिप्पट झाला की १४४ अंशांच्या आसपास. दाबापाठोपाठ तापमान चढते, त्यामुळे योग्य तापमानाला वितळणारा धातू हाच दाबाचा पहारेकरी होऊ शकतो.

८/ असा धातू म्हणजे मिश्रधातू. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, शुद्ध शिसे ३२७ अंशांना. परंतु ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील एकत्र केले तर ते मिश्रण १३८ अंशांनाच पाणी होते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पितळी बुचातील भोकात अशाच जातीचा मिश्रधातू भरलेला असतो. नळी बुजो वा पाणी संपून कुकर कोरडा पडो, धातू वितळतो, वाफ फुस्सकन बाहेर पडते, छताला डाळीचे शिंतोडे उडतात आणि घरातील माणसे सुखरूप राहतात.

९/ आता त्याच भोकात कोणी साधे डाग देण्याचे कथील-शिसे भरले तर? ते मिश्रण वितळायला किमान १८३ अंश लागतात. त्या तापमानाला वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दहापटींहून अधिक असतो. निव्वळ कथील भरले तर आकडा एकोणतीस पटींच्या घरात जातो. इतका दाब झेलण्यासाठी घरातले ॲल्युमिनियमचे भांडे घडवलेलेच नसते. बाहेरून पाहता मात्र दोन्ही बुचे सारखीच. तेच पितळ, तेच आटे, तीच चकाकी. खऱ्या-खोट्याचा निवाडा एकदाच होतो, तोही झाकण उडाल्यावर.

१०/ कुकरची बदनामी हा केवळ भारताचा अनुभव नाही. अमेरिकेत १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात घरगुती कुकरचे थाटात पदार्पण झाले. मग युद्ध आले आणि ॲल्युमिनियम विमानांकडे वळले. युद्धानंतर मागणी उसळली, तेव्हा ओतीव भांड्यांचा अनुभव नसलेले अनेक कारखानदार या धंद्यात उतरले आणि किंमत पाडण्याच्या शर्यतीत मालाचा दर्जा खालावला. कुकर म्हणजे स्वयंपाकघरातील बॉम्ब, ही भीती तिथल्या कित्येक घरांत पुढच्या पिढीपर्यंत टिकली.

११/ भारतात हे भांडे इतके रुळले की मराठीला त्याचे स्वतंत्र क्रियापद मिळाले. भात ‘शिजवतात’, कुकर ‘लावतात’. १९५९ मध्ये एच. डी. वासुदेव यांनी मुंबईत, इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, जो उद्योग उभारला तोच पुढे हॉकिन्स नावाने घरोघरी पोहोचला. त्याच काळात दक्षिणेत टीटीके समूहाने ब्रिटनच्या प्रेस्टिज कंपनीशी हातमिळवणी करून बंगळूरमध्ये कुकर काढले. दोघांच्या झाकणांत मूलभूत फरक होता. हॉकिन्सचे झाकण आतून बसते. आतील दाब ते कडेवर अधिकच घट्ट दाबतो. प्रेस्टिजचे झाकण बाहेरून फिरवून अडकवायचे.

१२/ कुकर वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. त्याची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह तितके चालत नाहीत. सुट्या भागांच्या बाजाराचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आले. भांडे एकदाच विकले जाते, भाग वर्षानुवर्षे. कंपनीचा अधिकृत विक्रेता शहराच्या मुख्य पेठेत, तर गॅसची शेगडी आणि कुकर दुरुस्त करणारा कारागीर गल्लीच्या तोंडाशी. खऱ्या भागात आणि नकली भागात जो किमतीचा फरक, त्यातच नकल करणाऱ्याचा नफा. ‘चालतंय की’ म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह खरोखरच चालत असे. शिट्ट्या होत, डाळ शिजे, तक्रारीला जागा नसे.

१३/ रिंगची गोष्ट निराळी. नकली रबर लवकर कडक होते, चिरते आणि कडेने वाफ सोडू लागते. मग गृहिणी रिंग गार पाण्यात टाकते, कडेला कणकेचा थर लावते आणि कसाबसा त्या दिवसाचा स्वयंपाक उरकते. त्रास आहे, गॅस वाया जातो, वरण कच्चे राहते. पण हा दोष उघडपणे बोलतो. व्हॉल्व्हचा दोष मौन पाळतो. कुकर फुटला की पहिला प्रश्न घरातील बाईलाच विचारला जाई, ‘शिट्टी नीट बसवली होतीस ना?’ बुचात कोणता धातू भरला आहे, हे तपासण्याचे साधन तिच्याजवळ कधीच नव्हते.

१४/ १९७० च्या दशकात टीटीके समूहाची धुरा संस्थापक टी. टी. कृष्णम्माचारी यांचे नातू टी. टी. जगन्नाथन यांच्याकडे आली. ते आयआयटी मद्रासचे अभियंते. पुढील काळात त्यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, उत्तर भारतातून कुकर फुटल्याच्या तक्रारी येत होत्या आणि शोध घेता मूळ सापडले ते नकली सुट्या भागांत. यावर रूढ उपाय होता तो जाहिरातींचा. ‘अस्सल भागच वापरा’, असे ग्राहकाला बजावायचे आणि जबाबदारीतून मोकळे व्हायचे.

१५/ त्यांनी निवडलेला मार्ग अधिक विचारी होता. ग्राहक नकली भाग बसवणारच, हे गृहीत धरून झाकणच बदलायचे. झाकणाच्या खाली वळलेल्या कडेत एक लांबट खाच पाडण्यात आली. दाब मर्यादेपलीकडे गेला आणि व्हॉल्व्हनेही दगा दिला, तर वाफ रबरी रिंगला त्या खाचेतून बाहेर ढकलते आणि तिथूनच, खालच्या दिशेने, निसटून जाते. ‘गॅस्केट रिलीज सिस्टिम’ या नावाने ही रचना परिचित झाली.

१६/ या उपायाचे मर्म त्या खाचेत आहे. खाच ही धातूतील रिकामी जागा. रिकाम्या जागेची नकल विकता येत नाही आणि ती बदलण्यासाठी कोणी दुकानात नेत नाही. ट्रेव्हिथिकने विसराळू माणसाला वगळून धातूवर विश्वास टाकला होता. भारतात धातूही विश्वासार्ह उरला नाही, तेव्हा विश्वास भांड्याच्या आकारावर टाकावा लागला. अर्थात याचे श्रेय एकट्या खाचेला देणे अतिशयोक्तीचे होईल. हॉकिन्सच्या आतून बसणाऱ्या झाकणाने दाबामुळे झाकण उडण्याचा प्रश्न पूर्वीच वेगळ्या रीतीने हाताळला होता.

१७/ राज्यसंस्थेची चाल याहून संथ. भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी स्थापन झाली. तिचा ‘आयएसआय’ शिक्का पन्नासच्या दशकापासून वस्तूंवर उमटू लागला. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७, त्याच्या रबरी रिंगसाठी आयएस ७४६६ अशी मानके झाली. पण जिथे व्हॉल्व्हची नकल होते, तिथे शिक्क्याची नकल करायला कितीसा वेळ लागणार? शिक्क्यासोबतचा परवाना क्रमांक पडताळून पाहिला, तरच त्याला अर्थ.

१८/ केंद्र सरकारने २०२० मध्ये घरगुती प्रेशर कुकरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला आणि मानकाप्रमाणे नसलेला कुकर विकणे बेकायदा ठरले. तोवर गल्लीच्या तोंडाशी असलेले दुकान मोबाइलच्या पडद्यावर आले होते.

१९/ ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या आदेशाचे उल्लंघन करणारे कुकर आपल्या मंचावर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला १ लाख रुपये दंड केला. आदेश लागू झाल्यानंतर असे २,२६५ कुकर विकले गेले होते. त्याच महिन्यात ५९८ कुकरांसाठी फ्लिपकार्टलाही तेवढाच दंड झाला. प्रत्येक ग्राहकाला कळवावे, कुकर परत घ्यावेत आणि पैसे परत करावेत, असेही बजावण्यात आले. पहिल्या प्रकरणात दंडाचा हिशेब कुकरमागे सुमारे ४४ रुपये पडतो. त्या २,२६५ कुकरांच्या विक्रीतून कंपनीला मिळालेले शुल्क होते ६,१४,८२५ रुपये.